हाडांच्या ढिगातून माणसं कशी ओळखायची? खडकात कोरलेल्या सामूहिक थडग्यांचा अभ्यास, पायरी-पायरीनं

खडकात कोरलेल्या थडग्यात उतरल्यावर नोंदवहीत लिहिला जाणारा सगळ्यात नुकसानकारक शब्द म्हणजे 'ढीग'. एकदा ढीग म्हटलं की तो उचलायचा, गोण्यांत भरायचा आणि कवट्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या, असंच कित्येक ठिकाणी झालं. पण या थडग्यांमध्ये एकाच दालनात पिढ्यान्‌पिढ्या माणसं ठेवली गेली. नवीन मृताला जागा करून देताना आधीच्यांना बाजूला सारलं गेलं, कुणाची कवटी उचलून भिंतीशी लावली गेली, कुणाचे पाय जागेवरच राहिले. आपल्याला जो गोंधळ दिसतो तो अशा शेकडो कृतींचा मागोवा असतो, आणि त्या कृतींचा क्रम हाच खरा पुरावा.

माल्टातल्या दोन जागा शेजारी ठेवल्या की हे लगेच पटतं. पाओला गावातलं हाल साफलिएनीचं हायपोजियम (जमिनीखाली कोरलेलं थडगं) १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना सापडलं. चुनखडकात कोरलेली तीन पातळ्यांची दालनं, दहा मीटरहून खोल. मॅन्युएल मॅग्री या जेझुइट धर्मगुरूंनी १९०३ पासून तिथं काम केलं, पण १९०७ मध्ये ट्युनिशियात स्फॅक्स इथं त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या नोंदी हाती लागल्या नाहीत. पुढचं काम डॉ. थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी केलं. त्यांनी एका छोट्या भागातल्या मोजणीवरून अंदाज बांधला, की इथं सुमारे ७,००० माणसं असावीत. आज त्यातल्या मोजक्या कवट्या उरल्या आहेत. म्हणजे तो आकडा तपासायची सोयच राहिली नाही.

दुसरी जागा गोझो बेटावरचं शारा वर्तुळ, हेही जमिनीखालचं सामूहिक दफनस्थान. इथं १९८७ ते १९९४ या काळात केंब्रिज आणि माल्टाच्या संशोधकांनी मिळून उत्खनन केलं. सुमारे २,२०,००० हाडं आणि तुकडे, प्रत्येकाची जागा नोंदलेली. त्यामुळे तीस वर्षांनंतरही त्याच पेट्या उघडून नवे प्रश्न विचारता येतात. पुढच्या पायऱ्या मी मुख्यतः या दुसऱ्या जागेच्या शिस्तीवर बेतल्या आहेत. उत्खननावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या उपयोगी पडतील, आणि असे अहवाल वाचणाऱ्यांनाही. कारण अहवालातल्या कुठल्या आकड्यावर किती विसंबायचं, हे या पायऱ्या माहीत असल्या तरच कळतं.

पायरी १: हाडांआधी खडक बघा

आत शिरताच नजर हाडांकडे जाते. ती आवरा आणि पहिला दिवस भिंतींना द्या. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, प्रकाश तिरपा पडेल असा धरा. समोरून टाकलेल्या उजेडात जे सपाट दिसतं, त्यातच तिरप्या उजेडात हत्याराचे घाव उठून येतात. घावांची रुंदी, दिशा आणि खोली टिपा. फ्रान्समधल्या मार्न खोऱ्यातल्या थडग्यांचा खडू-खडक इतका मऊ आहे, की गारगोटीच्या कुऱ्हाडींचे घाव अजून मोजता येतात. हाल साफलिएनीत काही दालनं अर्धवट राहिली आहेत, आणि कोरण्याची रीत कळते ती तिथंच: ओळीनं भोकं पाडायची आणि मधला खडक फोडून काढायचा. पुरं झालेलं दालन अशा खुणा पुसून टाकतं, म्हणून अर्धवट कोपरा कधी सोडू नका.

भिंतींवर घराची नक्कल आहे का, तेही बघा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर 'दोमुस दे यानास' नावाची अशी थडगी हजारोंनी आहेत. त्यांतल्या काहींत छताच्या तुळया, खांब, खोट्या दारांच्या चौकटी दगडात कोरल्या आहेत. आल्गेरोजवळच्या आंगेलू रुयू इथं बैलाची शिंगं कोरलेली आहेत. माती-लाकडाची घरं केव्हाच गेली. ती कशी बांधत, याचा पुरावा कधी कधी फक्त थडग्यात उरलेला असतो.

मग दार. ते किती रुंद आहे? ताठरलेला मृतदेह त्यातून आत नेता येईल का? उंबऱ्याची कड घासून गुळगुळीत झाली आहे का? दार बंद करायची शिळा जागेवर आहे की बाजूला पडली आहे? दार पुन्हा पुन्हा उघडलं गेलं का, या प्रश्नावर पुढचा सगळा अर्थ उभा राहतो. आणि त्याचं उत्तर हाडांपेक्षा उंबरा जास्त खात्रीनं देतो.

एक सावधगिरी. अशी दालनं रिकामी राहत नाहीत. सार्डिनियातली बरीच थडगी मूळ कोरणाऱ्यांनंतर ताम्रपाषाण आणि कांस्ययुगातल्या लोकांनीही वापरली. तेव्हा दालन कोरल्याचा काळ आणि आतल्या हाडांचा काळ एकच आहे, असं सिद्ध होईपर्यंत धरून चालू नका.

पायरी २: जागा बांधून घ्या

दालनात टोटल स्टेशनचे (अंतर आणि कोन मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राचे) ठरलेले बिंदू लावा, प्रत्येक थराचे फोटो एकमेकांवर चढतील असे घ्या आणि त्यातून त्रिमितीय प्रतिकृती करा. हाडांवर पाय पडू नये म्हणून फळ्या टाकून त्यावर पालथं झोपून काम करावं लागतं. हे कष्टाचं आहे आणि त्याला पर्याय नाही. ट्रॉवेल (धातूची छोटी थापी) शक्यतो बाजूला ठेवा. बांबूच्या काड्या, मऊ ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा यांनी हाडाला ओरखडा जात नाही. धातूच्या टोकाचा ताजा ओरखडा पुढं कुणी प्राचीन कापल्याची खूण समजून बसला, तर एका निष्काळजी दुपारीतून नरमांसभक्षणाची कथा जन्माला येते.

पायरी ३: सांधे वाचा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. हिचा पाया फ्रेंच अभ्यासक आन्री दुदे यांनी घातला. शरीर कुजताना सगळे सांधे एकाच वेगानं सुटत नाहीत. हाताची बोटं, पायाची बोटं, मानेचे मणके, खांद्याचं पातं आणि बरगड्या यांची जोडणी लवकर सुटते. कंबरेचे मणके, त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड) आणि कटी (ओटीपोटाचं हाड) यांचा सांधा, गुडघा, घोटा हे मात्र बराच काळ धरून राहतात.

यावरून काय कळतं? एका कोपऱ्यात हाताची बोटं आपापल्या क्रमानं पडलेली दिसली, तर मृतदेह मांसासकट इथं आणला गेला आणि तो भाग नंतर कुणी हलवला नाही. हे प्राथमिक दफन. उलट लांब हाडं एकत्र रचलेली, वर कवटी आणि एकही बोट नाही, असं असेल तर ही हाडं दुसरीकडून आणलेली असण्याची शक्यता वाढते. ते दुय्यम दफन.

सामूहिक थडग्यात मात्र बहुतेक वेळा मधलीच अवस्था भेटते. समजा, भिंतीशी एक कटी आहे. त्रिकास्थी तिला अजून जुळलेली, कंबरेचे तीन मणके रांगेत, आणि तिथून वर काहीच नाही. मांडीचं हाड वीतभर अंतरावर, उलटं. हाताची हाडं दालनाच्या मध्यावर विखुरलेली. याचा अर्थ असा, की माणूस आधी मध्यावर ठेवला होता, हात तिथंच सुटले. मग काही महिन्यांनी किंवा एखाद-दोन वर्षांनी, कंबरेचे बंध शाबूत असताना, कुणीतरी त्याला भिंतीकडे ओढलं. ही कृती करणारा माणूस त्या मृताला ओळखत असण्याइतका जवळच्या काळातला होता. पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका हाताच्या हालचालीपर्यंत पोचण्याचा याहून थेट मार्ग मला माहीत नाही, आणि हाडं घाईनं उचलली की हाच मार्ग बंद होतो.

देह पोकळीत कुजला की मातीत, हेही इथंच पाहायचं. आजूबाजूला पोकळी असेल तर जबडा खाली पडतो, कटीची दोन्ही पाखं बाहेरच्या बाजूला उघडतात, गुडघ्याच्या वाट्या घरंगळतात. लगेच माती टाकली असेल तर हाडं तोल जाऊ शकेल अशा अवस्थेतही तशीच टेकून राहतात. प्रत्येक हाडाची वरची बाजू कोणती होती, हे नोंदवलंत तरच याचा निवाडा होतो. म्हणून पत्रकात 'वर असलेली बाजू' असा रकाना हवाच.

सांध्यांवरून एककालिकताही, म्हणजे माणसं एकाच वेळी मेली का हेही, तपासता येते, पण जपून. फ्रान्सच्या दक्षिणेतल्या रोए इथल्या कोरीव थडग्यात वरच्या थरात एकमेकांवर पडलेले, सांध्यांसकट शाबूत सांगाडे मिळाले. उत्खनन करणाऱ्यांनी त्याला 'युद्धाचा थर' म्हटलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या. शाबूत सांगाडे एकावर एक दिसले म्हणजे ती माणसं एका दिवशी मेली असं नव्हे. वरचा देह ठेवताना खालच्याचे नाजूक सांधे आधीच सुटले होते का, हे प्रत्येक जोडीपुरतं तपासावं लागतं.

पायरी ४: उचला, चाळा, आणि लगेच धुऊ नका

प्रत्येक हाडाला क्रमांक, जागा, बाजू. सांध्यात असलेली हाडं एकाच पिशवीत, 'जुळलेली' अशी चिठ्ठी लावून. उरलेली माती शंभर टक्के चाळायची. २ मिलिमीटरची जाळी हवी, शक्य असेल तर पाण्याखाली. जाड जाळीतून नवजात बाळांचे दातांचे अंकुर आणि मनगटाची हाडं निसटतात, आणि मग अहवालात 'इथं बालकांना पुरत नसत' असा निष्कर्ष येतो. तो निष्कर्ष जाळीचा असतो, लोकांचा नव्हे.

धुण्याचा मोह आवरा. माल्टात हाडांवर तांबडा गेरू सापडतो, आणि तो पाण्यानं जातो. दातांवरचं कीटण ब्रशनं घासू नका, त्यात अन्नाचे कण आणि जिवाणूंचा डीएनए अडकलेला असतो. डीएनएसाठी राखायची हाडं हातमोजे घालून, न धुता, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

पायरी ५: मोजणी

आता लोकांना ज्याची उत्सुकता असते तो प्रश्न: किती जण? प्रौढ सांगाड्यात २०६ हाडं, म्हणून शाराच्या २,२०,००० ला २०६ नं भागायचा मोह होतो. तसं करू नका. त्यातले बहुसंख्य तुकडे आहेत, आणि एका मांडीच्या हाडाचे वीस तुकडेही होऊ शकतात.

रीत अशी. एक हाड निवडा, समजा डावं मांडीचं हाड. त्याचे ठरावीक विभाग पाडा. प्रत्येक तुकड्यात कोणता विभाग निम्म्याहून जास्त शिल्लक आहे ते लिहा. जो विभाग सगळ्यात जास्त वेळा आला, तेवढीच डावी मांडीची हाडं किमान असणार. क्रिस्टोफर न्यूसेल आणि अ‍ॅलन आउट्रॅम यांनी २००४ मध्ये मांडलेली विभागांची पद्धत हेच करते. असं प्रत्येक हाडाचं, डावं-उजवं वेगळं करून मोजायचं. सगळ्यांत मोठा आकडा येईल तो 'किमान व्यक्तिसंख्या'. मग वय लक्षात घ्यायचं: सगळी मोजणी प्रौढांच्या मांडीवरून आली असेल आणि चार वर्षांच्या मुलाचा एकच जबडा मिळाला, तरी एक माणूस वाढतो. कानामागचं दगडासारखं घट्ट हाड तुटत नाही आणि डावं-उजवं ओळखू येतं, म्हणून अशा थडग्यांत मोजणीला ते फार कामाचं.

किमान म्हणजे किमान. प्रत्यक्षात माणसं जास्तच असतात. किती जास्त, याचा अंदाज जोड्यांवरून बांधता येतो. उदाहरणादाखल, डावी ४६ आणि उजवी ४० मांडीची हाडं आहेत आणि त्यातल्या २४ जोड्या एकाच व्यक्तीच्या म्हणून जुळल्या. फक्त मोठा आकडा घेतला तर ४६ माणसं. डावी अधिक उजवी वजा जोड्या केलं तर ६२. अ‍ॅडम्स आणि कोनिग्सबर्ग यांच्या सूत्रानं (डावी+१) गुणिले (उजवी+१) भागिले (जोड्या+१), त्यातून १ वजा, म्हणजे ४७ × ४१ = १९२७, भागिले २५, वजा १: सुमारे ७६. तीच हाडं, तीन आकडे. अहवालात 'इथं ७६ जण होते' असं वाचलंत तर कोणत्या रीतीनं, हे विचारा. आणि हे सूत्र जोड्या नीट जुळवता आल्या तरच वापरावं. हाडं फार तुटलेली असली की खऱ्या जोड्या निसटतात आणि आकडा फुगतो.

शाराची किमान संख्या ८०० च्या आसपास येते. तिथल्याच जुन्या, दोन दालनांच्या कोरीव थडग्यात साठहून जास्त माणसं होती. ते थडगं एका लहान खोलीहून फार मोठं नाही.

पायरी ६: काय नाही, ते बघा

दोन हातांत मिळून ५४ हाडं, दोन पायांच्या पंजांत ५२. म्हणजे सांगाड्यातली निम्म्याहून जास्त हाडं हातापायांच्या टोकांत असतात. मोजणी झाल्यावर एक तक्ता करा: इतक्या माणसांसाठी हे हाड किती अपेक्षित, मिळालं किती.

छोटी हाडं भरपूर आणि कवट्या-मांड्या कमी, तर देह इथं कुजले आणि मोठी हाडं नंतर बाहेर नेली. छोटी हाडं जवळजवळ नाहीत, तर बाहेर कुजवून निवडक हाडं इथं आणली. सगळंच थोडं थोडं कमी, तर आधी स्वतःच्या चाळणीवर संशय घ्या, मग पाण्यानं वाहून जाणं, उंदीर-घुशी, आणि शेवटी माणसं.

'नाही' हा पुरावा किती बोलका असतो, हे महाराष्ट्राला इनामगावनं दाखवलं आहे. तिथली दफनं सामूहिक नाहीत, खडकातही नाहीत. ती ताम्रपाषाण काळातल्या घरांच्या जमिनीखालची, एकेकट्या माणसाची. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथं मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत मिळाली, तर प्रौढांची पावलं पुरण्यापूर्वीच कापलेली आढळली. मात्र चार पायांच्या एका मोठ्या रांजणात बसवलेल्या पुरुषाची पावलं शाबूत होती. कुणाचं काय नाही, याची नोंदच घेतली नसती तर हा फरक कुणाला दिसलाच नसता.

पायरी ७: काळ

कार्बन-१४ साठी नमुने निवडताना एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये, म्हणून सगळे नमुने एकाच बाजूच्या एकाच हाडाचे घ्या. खालच्या थरातली काही हाडं सांध्यात जुळलेली असतील तर त्यांना अग्रक्रम द्या. सुटं हाड वरून खाली घरंगळलेलं असू शकतं, जुळलेलं कंबरेचं हाड सहसा नाही. समुद्री अन्न जास्त खाणाऱ्यांच्या हाडांचं वय मूळ वयापेक्षा जुनं दिसतं, तेव्हा आहाराची तपासणी सोबत हवी. तारखा मिळाल्या की थरांचा क्रम गणितात घालून बेझियन पद्धतीनं (आधीची माहिती आणि तारखा एकत्र तोलणाऱ्या सांख्यिकी पद्धतीनं) वापराचा कालखंड काढतात.

आता आकडा आणि काळ एकत्र ठेवा. हाल साफलिएनीचा वापर साधारण इ.स.पू. ३६०० ते २५०० असा धरला, तर झॅमिट यांच्या अंदाजातली ७,००० माणसं ११०० वर्षांत विभागली जातात. वर्षाला सहा-सात. ७,००० म्हटल्यावर डोळ्यांसमोर साथ किंवा कत्तल येते. वर्षाला सहा-सात म्हटल्यावर आसपासच्या काही वस्त्यांची स्मशानभूमी येते. बेरजेचा आकडा छापताना हा भागाकार शेजारी छापलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ८: नासधूस होणाऱ्या तपासण्या शेवटी

डीएनए, समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू), दातांच्या वेष्टनातली (इनॅमलमधली) प्रथिनं, या सगळ्यांना हाड किंवा दात पोखरावा लागतो. म्हणून आधी सीटी स्कॅन, मोजमापं, फोटो, मगच पोखरणी. प्रश्न आधी लिहून काढा. बालपण इथलंच होतं का? दाताच्या वेष्टनातलं स्ट्रॉन्शियम. सुटा दात बाईचा की पुरुषाचा? वेष्टनातलं प्रथिन. नातेसंबंध? डीएनए. शाराच्या हाडांचा डीएनए अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली लोकसंख्या फार लहान होती, आणि एका व्यक्तीचे आई-वडील आपसात जवळचे नातलग होते, असं त्यातून दिसलं. बेटावरच्या जगण्याची ही बाजू हाडं नुसती मोजून कधीच कळली नसती.

आपल्याकडे असं काही सापडलं तर

केरळात त्रिशूर जिल्ह्यात चोव्वन्नूर, कंडाणश्शेरी, काट्टकांबाल, एय्याल इथं जांभ्या खडकात कोरलेली महापाषाणयुगीन दालनं आहेत. ती वर सांगितलेल्या भूमध्य सागरी थडग्यांपेक्षा खूप नंतरची, लोहयुगातली. मलबारमधल्या अशा दफनांवरचा जे. बॅबिंग्टन यांचा लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात १८२३ मध्येच छापून आला होता. पण आम्लधर्मी जांभा आणि पावसाळा मिळून हाडं खाऊन टाकतात. तिथं पायरी ५ बहुधा करताच येत नाही. पायरी १, मडकी आणि मातीचे नमुने यांवरच भर द्यावा लागतो.

कोकणात किंवा गोव्यात जांभ्याची खाण, विहीर किंवा घराचा पाया खणताना पोकळी लागली, आत मडकी किंवा हाडं दिसली, तर काम थांबवा. आत उतरू नका, बंद पोकळीतली हवा जिवावर बेतू शकते. काही उचलू नका. बाहेरून फोटो काढा, जागेची खूण करा, तोंड ताडपत्रीनं झाका. तलाठी, पोलीस आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. हाडं जुनी की अलीकडची, हे पोलिसांच्या उपस्थितीत तज्ज्ञ ठरवतील. जुन्या वस्तू सापडल्यावर त्या कळवणं १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याखाली बंधनकारक ठरू शकतं, आणि पुरातत्त्वीय उत्खनन परवान्याशिवाय करता येत नाही.

हाल साफलिएनी प्रत्यक्ष बघायचं असेल तर तिकीट बरंच आधी काढा. आतली आर्द्रता आणि तापमान राखण्यासाठी एका वेळी दहाच जणांना सोडतात, दिवसाला ऐंशीच्या आसपास. फोटो काढू देत नाहीत. मधल्या पातळीवर बांधीव मंदिराची नक्कल करून कोरलेला दर्शनी भाग आहे. तिथं दिवा तिरपा पडला की हत्याराचे घाव शोधा. मग वालेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन तिथून मिळालेली निजलेल्या स्त्रीची मातीची मूर्ती बघा. ती जेमतेम १२ सेंटिमीटर लांब आहे, त्यामुळे घाईत नजरेतून सुटू शकते.